मुंबई ते न्यूयॉर्क: बारा हजार किलोमीटरचे सोळा तास कसे होतात

प्रश्न थोडक्यात असा: मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर साडेबारा हजार किलोमीटर, विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर. भागाकार केला तर १४ तास येतात. मग थेट विमानाच्या तिकिटावर १६ तास का लिहिलेले असतात, आणि परतीला तेच साडेचौदा कसे होतात? आई-वडील पहिल्यांदाच एकटे जाणार आहेत, तर त्यांना थेट पाठवावं की मध्ये थांबा घ्यावा?

भागाकार बरोबर आहे, त्यात घातलेले दोन्ही आकडे मात्र अपुरे आहेत. आधी अंतर पाहू.

छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ साधारण १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व इथे आहे. न्यूयॉर्कचा जेएफके विमानतळ ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम इथे. पृथ्वीच्या पाठीवरून या दोन बिंदूंमधलं सगळ्यात कमी अंतर म्हणजे शाळेच्या भूगोलातलं बृहत्‌वृत्त. ते स्वतः काढून बघायचं असेल तर स्प्रेडशीट पुरते. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. त्यात दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन, या तिघांचा गुणाकार मिळवा. उत्तर उणे ०.३८६ येतं. त्याचा व्यस्त कोसाइन ११२.७ अंश, आणि एका अंशाला १११.२ किलोमीटर धरले की सुमारे १२,५३० किलोमीटर. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी असल्यामुळे अचूक गणितात दहा-वीस किलोमीटर वाढतात. तेव्हा १२,५४० धरून चाला. मैलांत हे ७,७९० होतात आणि नॉटिकल मैलांत ६,७७०. विमानक्षेत्रात सगळा कारभार नॉटिकल मैलांत चालतो आणि एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. एकाच प्रवासाचे दोन वेगळे "मैल" दिसले तर बहुतेक वेळा भानगड इथेच असते.

या गणितात दोन चुका हमखास होतात. स्प्रेडशीट कोन रेडियनमध्ये मागते आणि आपण अंश देतो, मग उत्तर काहीच्या बाही येतं. दुसरी चूक जास्त फसवी, कारण तिचं उत्तर खरं वाटतं. पश्चिम रेखांशाला उणे चिन्ह द्यायचं राहिलं तर न्यूयॉर्क ७३.७८ पूर्वेला जाऊन बसतं, म्हणजे थेट किरगिझस्तानात, ओश शहराच्या आसपास, आणि अंतर येतं २,४०० किलोमीटर.

आता ही वाट जाते कुठून? भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिकवरून जाते. त्या रेघेवरून उडालात तर सुमारे १४,२०० किलोमीटर पडतील, म्हणजे साडेसोळाशेहून जास्त किलोमीटर फुकट. सगळ्यात जवळची वाट मुंबईहून निघते ती होकायंत्राच्या ३३३ अंशांवर, म्हणजे पश्चिमेपेक्षा उत्तरेलाच जास्त. घरात पृथ्वीगोल असेल तर मुंबईवर दोऱ्याचं एक टोक धरा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा. तो कच्छ, सिंध, बलुचिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान असा चढत जवळजवळ मॉस्कोच्या डोक्यावरून जातो. बरोबर अर्धी वाट संपते ती स्वीडन आणि फिनलंडच्या मधल्या समुद्रावर. पुढे आइसलँड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक, कॅनडातला लॅब्राडोर, आणि तिथून खाली न्यूयॉर्क. मुलांना एकदा हे दोऱ्याने दाखवाच. विमान अमेरिकेला जाताना बर्फाच्या प्रदेशावरून का जातं, ते पुन्हा समजवावं लागत नाही.

पण दोऱ्याची वाट आणि विमानाची वाट एक नसते. कुठल्या देशाची हवाई हद्द खुली आहे, कुठे युद्ध चालू आहे, वारा कसा आहे, यावर रोजचा मार्ग ठरतो. २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय विमान कंपन्यांना बंद केली आणि ती मुदत महिन्यामहिन्याने वाढवत नेली. २०१९ मध्येही फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत ती बंद होती. रशियाची हद्द फेब्रुवारी २०२२ नंतर युरोपीय आणि अमेरिकी कंपन्यांना बंद झाली, भारतीय कंपन्यांना मात्र ती बंदी लागू नव्हती. जून २०२५ मध्ये इराण-इस्रायल संघर्ष पेटला तेव्हा निघालेली विमानं अर्ध्या वाटेतून परत फिरवावी लागली. म्हणून "मुंबई-न्यूयॉर्कला किती तास" याचं दोन वर्षांपूर्वीचं उत्तर आज चालेलच असं नाही. तिकीट काढताना त्या तारखेची वेळ बघावी लागते.

मुंबईकरांच्या बाजूने एक चांगली गोष्ट आहे. पाकिस्तान टाळून अरबी समुद्रावरून आखाताकडे निघालं तर वळसा वाटतो तेवढा पडत नाही. मुंबई-दुबई सुमारे १,९३० किलोमीटर आणि दुबई-न्यूयॉर्क ११,०२० किलोमीटर, बेरीज १२,९५०. म्हणजे सरळ वाटेपेक्षा चारशेच किलोमीटर जास्त, अर्ध्या तासाचा मामला. दिल्लीचं तसं नाही. तिथून निघालेल्या विमानाला पाकिस्तान चुकवायला आधी नैऋत्येला गुजरातकडे उतरावं लागतं आणि मग पश्चिमेला वळावं लागतं. बंदीनंतर दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणारी काही विमानं व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला इंधनासाठी उतरवावी लागली, ती याच कारणाने. दिल्ली नकाशावर न्यूयॉर्कला जवळ आहे, तरी बंदीच्या काळात मुंबई सोयीची ठरू शकते.

आता वेग. विमानाचा वेग ध्वनीच्या वेगाच्या प्रमाणात ठरवलेला असतो, त्याला मॅक म्हणतात. बोइंग ७७७ साधारण मॅक ०.८४ ने जातं, ७८७ आणि एअरबस ए३५० मॅक ०.८५ ने. पस्तीस-चाळीस हजार फुटांवर बाहेर उणे ५५ अंशांच्या आसपास तापमान असतं, आणि तिथे ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६२ किलोमीटर. त्याचे ०.८४ पट म्हणजे ८९२. हा झाला हवेतला वेग. पण ती हवाच वाहत असते. विमान नदीतल्या होडीसारखं आहे: वल्ही तेवढीच मारली तरी प्रवाहाविरुद्ध काठ हळू सरकतो आणि प्रवाहाबरोबर भराभर.

उत्तर गोलार्धात मधल्या अक्षांशांवर नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर जेट स्ट्रीम नावाचा वाऱ्याचा पट्टा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. हिवाळ्यात तो जोर धरतो, आणि त्याच्या गाभ्यात ताशी दोनशे किलोमीटरच्या वर वारा असणं नेहमीचं आहे. न्यूयॉर्कला जाताना तो तोंडावर येतो आणि येताना पाठीवर. सगळ्या वाटेची सरासरी काढली तर जाताना ताशी ४० किलोमीटर विरोधी आणि येताना ६० किलोमीटर साथीचा, असं उदाहरणापुरतं धरू. प्रत्यक्ष वाट १३,००० किलोमीटर माना.

जाताना जमिनीवरचा वेग ८९२ उणे ४०, म्हणजे ८५२. १३,००० ला ८५२ ने भागलं की १५ तास १५ मिनिटं. येताना ९५२, म्हणून १३ तास ४० मिनिटं. वर चढताना आणि खाली उतरताना वेग कमी असतो, त्याची पंधरा मिनिटं दोन्हींत धरा.

उरतं ते जमिनीवरचं. तिकिटावरचा काळ हा उड्डाणापासून उतरण्यापर्यंतचा नसतो. चाकांखालचे ठोकळे काढून विमान जागेवरून हललं तिथपासून, समोरच्या विमानतळावर पुन्हा ठोकळे लागेपर्यंतचा तो काळ असतो. याला ब्लॉक टाइम म्हणतात. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरात असते आणि रांगेत वीस-तीस मिनिटं सहज जातात. जेएफकेला उतरल्यावर गेटपर्यंत दहा-वीस मिनिटं. जाताना ही मिळून ४० मिनिटं धरली तर १५:१५ अधिक ०:१५ अधिक ०:४०, म्हणजे १६ तास १० मिनिटं. येताना ३५ धरली तर साडेचौदा तास. तिकिटावरचे आकडे इथून येतात.

याच हिशोबात एक जागा फार सुंदर आहे. जाताना वाऱ्याविरुद्ध विमानाने प्रत्यक्ष किती हवा कापली? १३,००० गुणिले ८९२ भागिले ८५२, म्हणजे सुमारे १३,६०० किलोमीटर. येताना तेच १२,१८०. जमिनीवरच्या सगळ्यात जवळच्या वाटेपेक्षाही कमी! इंधन जळतं ते या हवेतल्या अंतरावर. म्हणून मार्ग आखणारे डिस्पॅचर जमिनीवरचे किलोमीटर वाचवण्यापेक्षा वारा बघतात. जाताना जेट स्ट्रीमच्या उत्तरेने निसटायचं, येताना मुद्दाम दक्षिणेला सरकून त्यात शिरायचं. म्हणून परतीची वाट कधी किलोमीटरने लांब आणि तासांनी आखूड असते. सीटसमोरच्या पडद्यावर दोन्ही वेळची वाकडी रेघ वेगळी दिसते, ती यामुळे.

तो पडदा वाचायला शिकवा, आई-वडिलांचा वेळही जाईल आणि धीरही वाटेल. त्यावर ग्राउंड स्पीड, म्हणजे जमिनीवरचा वेग, आणि उरलेलं अंतर दिसतं. समजा सहा तास झालेत, ७,९०० किलोमीटर शिल्लक आहेत आणि ग्राउंड स्पीड ८५० आहे. भागाकार ९ तास १८ मिनिटं, अधिक उतरण्याची पंधरा मिनिटं. पुढे वारा बदलेल तसा हा आकडा हलतो. ग्राउंड स्पीड ७९० झाला म्हणून विमानात काही बिघडलं असं नाही, तोंडावरचा वारा वाढला एवढंच.

इंधनाचं गणितही तासांशी बांधलेलं आहे. ७७७-३००ईआर या विमानात सुमारे १,८१,००० लिटर, म्हणजे १४५ टन इंधन मावतं आणि भरून उडताना त्याचं कमाल वजन सुमारे ३५१ टन असतं. ताशी साडेसात ते आठ टन धरले तर या प्रवासाला १२० टनांच्या घरात इंधन जळतं. त्याशिवाय वाटेतल्या फरकासाठी राखीव, दुसऱ्या विमानतळावर जाण्यापुरतं, आणि वर अखेरचं ३० मिनिटांचं राखीव न्यावंच लागतं. प्रवास अर्धा तास वाढला की चार टन इंधन वाढतं, म्हणजे सामानासकट चाळीस प्रवाशांचं वजन. शिवाय ते जास्तीचं इंधन वाहून नेण्यासाठी आणखी इंधन जळतं. वजनाची मर्यादा आली की आधी मालवाहतूक कापली जाते, क्वचित काही जागा रिकाम्या ठेवतात, आणि तेही पुरलं नाही तर वाटेत उतरून इंधन घ्यावं लागतं. हिवाळ्यात विमान अचानक आइसलँडच्या केफ्लाविकला किंवा कॅनडातल्या गँडर, गूस बेला उतरलं तर घाबरायचं कारण नसतं. अटलांटिकवरून जाणाऱ्या विमानांसाठी हे विमानतळ पर्यायी म्हणून आधीच हिशोबात धरलेले असतात.

आता घड्याळ. दूरच्या प्रवासात गोंधळ अंतरापेक्षा इथेच जास्त होतो. भारत न्यूयॉर्कच्या हिवाळ्यात साडेदहा तास पुढे असतो आणि उन्हाळ्यात साडेनऊ. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणतात. विमान कंपन्यांचं वेळापत्रक मात्र मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं. मार्चमधले मधले दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबरअखेरचा एक आठवडा यामुळे वेळा तासाभराने सरकलेल्या दिसतात. त्या दिवसांत तिकीट असेल तर पंधरा दिवस आधी वेळ पुन्हा तपासा.

उदाहरण घ्या. तिकिटावर मुंबईहून निघायची वेळ ०१:४५, न्यूयॉर्कला पोचायची ०७:१५, तारीख तीच. वरवर बघता साडेपाच तास! हिवाळ्यात मुंबईतले पहाटेचे पावणेदोन म्हणजे न्यूयॉर्कचे आदल्या दिवशीचे दुपारचे सव्वातीन. तिथून दुसऱ्या सकाळी सव्वासात, म्हणजे बरोबर १६ तास. याच वेळा उन्हाळ्यात दिसल्या तर तो प्रवास १५ तासांचा ठरतो. परतीला हिवाळ्यात जेएफकेहून सकाळी ११ ला निघालं आणि सव्वाचौदा तास लागले, तर न्यूयॉर्कच्या घड्याळात रात्रीचे सव्वा वाजलेले असतात आणि मुंबईत दुसऱ्या दिवशी सकाळचे पावणेबारा. ऑफिसची रजा मोजताना येतानाचा हा दिवस धरायला विसरू नका.

आणि एक चूक, जिच्यापायी तिकीटच वाया जातं. मध्यरात्रीनंतरच्या विमानाची तारीख दुसऱ्या दिवसाची असते. तिकिटावर १५ तारीख, वेळ ००:५५ असेल तर १४ च्या संध्याकाळी लवकर जेवून घर सोडायचं आणि रात्री साडेनऊपर्यंत विमानतळावर असायचं. १५ च्या रात्री बॅगा घेऊन गेलं तर विमान जाऊन चोवीस तास होत आलेले असतात. घरातल्या कॅलेंडरवर "१४ ची रात्र" असंच लिहा, नुसतं "१५" लिहू नका.

थेट की थांबा? अंतराने विचार केला तर थांब्याने फारसं काही वाढत नाही. मुंबई-लंडन सुमारे ७,२०० आणि लंडन-न्यूयॉर्क ५,५४० किलोमीटर, बेरीज १२,७४०. सरळ वाटेपेक्षा फक्त दोनशे किलोमीटर जास्त. वेळ मात्र वाढतो: पहिला टप्पा साडेनऊ-दहा तास, दुसरा आठ, मध्ये तीन तासांचा थांबा, म्हणजे एकवीसच्या घरात. दोनदा चढणं-उतरणं, दोनदा रांगा, अनोळखी विमानतळावर टर्मिनल बदलणं हे वेगळंच. फक्त पूर्वेकडून जाऊ नका. सिंगापूरमार्गे न्यूयॉर्क म्हणजे ३,९०० अधिक १५,३५० किलोमीटर. त्यातला दुसरा टप्पा एकटाच मुंबई-न्यूयॉर्कपेक्षा लांब आहे.

तुमच्या आई-वडिलांना इंग्रजीची सवय नसेल तर माझं स्पष्ट मत: थोडे पैसे जास्त गेले तरी थेट विमान घ्या आणि तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून ठेवा. चालता येत असलं तरी मागा, कारण व्हीलचेअर ढकलणारा माणूस त्यांना इमिग्रेशनमधून थेट बाहेर आणून सोडतो. गुडघे दुखतात, एका जागी सोळा तास बसवत नाही असं असेल तर आखातात किंवा युरोपात तीन-चार तासांचा थांबा बरा पडतो. पण दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असले पाहिजेत. वेगवेगळी तिकिटं काढली आणि पहिलं विमान उशिरा आलं, तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही. मधल्या देशाच्या ट्रान्झिट व्हिसाचा नियम पासपोर्टप्रमाणे आणि हातातल्या अमेरिकी व्हिसाप्रमाणे बदलतो, तो त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावरच पाहा. वेळेवर घ्यायच्या गोळ्या असतील तर विमानात भारतीय वेळेवरचं घड्याळ हाताला ठेवायला सांगा आणि तिकडे पोचल्यावर वेळ कशी बदलायची ते निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून लिहून घ्या.

न्यूयॉर्कहून पुढे अमेरिकेतलंच विमान असेल तर दोन्हींच्या मध्ये निदान तीन तास ठेवा. पहिल्या अमेरिकी विमानतळावर इमिग्रेशन करून, पट्ट्यावरून बॅगा स्वतः उचलून, कस्टममधून बाहेर काढून पुन्हा जमा कराव्या लागतात. मुंबईतच बॅगेला शेवटच्या शहराचा टॅग लावलेला असला तरीही. भारताच्या टोकालाही मध्ये पुरेसा वेळ हवा. नागपूर, औरंगाबाद किंवा गोव्याहून येणाऱ्यांनी देशांतर्गत तिकिटावर कोणता विमानतळ छापलाय ते बघावं. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे, आणि तिथे उतरून अंधेरीच्या टर्मिनल २ वर जायचं तर मुंबईच्या रस्त्यांचा वेळ त्यात धरावा लागतो. गोव्याला दाभोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आहेत, परतीला आणायला जाणाऱ्याची गाडी चुकीच्या ठिकाणी उभी राहायची.

न्यूयॉर्कचंही तसंच. नेवार्क विमानतळ न्यू जर्सीत आहे, पण शोधताना तोही "न्यूयॉर्क" म्हणून दिसतो. मुंबईहून दोन्हींच्या अंतरात वीस-पंचवीस किलोमीटरचा फरक, उड्डाणात काहीच नाही. रस्त्यावर मात्र एकाकडून दुसरीकडे जायचं तर सकाळच्या गर्दीत दोन तास मोडतात. मुलगा न्यू जर्सीतल्या एडिसनला राहत असेल तर नेवार्क, क्वीन्स किंवा लाँग आयलंडला असेल तर जेएफके.

घ्यायला जाणाऱ्यासाठी. विमान कुठे आहे ते दाखवणाऱ्या ॲपवर अटलांटिकच्या मध्यावर ठिपका थांबतो किंवा गायब होतो. तिथे जमिनीवरचे रिसीव्हर नसतात, म्हणून ठिपका अंदाजाने सरकवतात. कॅनडाचा किनारा आला की तो पुन्हा जागेवर येतो. तिथून जेएफकेला साधारण दोन तास उरतात. उतरल्यावर गेट, इमिग्रेशनची रांग आणि बॅगा मिळून दीड-दोन तास धरा. म्हणजे सकाळी सव्वासातच्या विमानासाठी पावणेनऊला टर्मिनलबाहेर पोचलात तरी पुरतं. तोवर फोन उचलला नाही तर घाबरू नका, इमिग्रेशनच्या दालनात फोन वापरू देत नाहीत. मुलाचा पत्ता आणि फोन नंबर कागदावर लिहून आईच्या पर्समध्ये आणि बाबांच्या खिशात, दोन्हीकडे ठेवा.